सूर्योदय, तळं आणि तीन एक्सपोजर: एका ब्लेंडिंगचं प्रकरण

फाइल्स एका मित्राच्या. पुढ्यात ओले दगड आणि उंच गवत, त्यामागे संथ तळं, पलीकडे डोंगररांग. सूर्य कड्याआडून अजून वर यायचा आहे. डाव्या काठावर पानं झडलेलं एक झाड. खोड डोंगराच्या पार्श्वभूमीवर आणि शेंडा थेट उजळ आकाशात. कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड, एफ/११, आयएसओ १००. ब्रॅकेटिंगमध्ये, म्हणजे तेच दृश्य कमी-जास्त एक्सपोजरने लागोपाठ टिपत, दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) अंतराने तीन फ्रेम्स: १/२५०, १/६० आणि १/१५ सेकंद. टिपताना केलेलं काम नीट होतं.

त्याने तिन्ही फाइल्स डार्कटेबल या रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) उलगडणाऱ्या मोफत प्रोग्रॅममधून काढल्या, वेगवेगळ्या उजेडाच्या फ्रेम्स आपोआप मिसळून एक चित्र करणाऱ्या (हेच ब्लेंडिंग) एनफ्यूजला दिल्या आणि जे आलं ते मला पाठवलं. सोबत एकच ओळ: "सगळं दिसतंय, पण सकाळ गेली कुठे?"

तक्रार रास्त होती. दगडांचा पोत दिसत होता, ढगांचे थर दिसत होते, डोंगराच्या घळीसुद्धा दिसत होत्या. पण चित्राला ना उजेड होता ना अंधार. शिवाय झाडाच्या फांद्यांभोवती फिकट कडा होती, ढगांच्या काही किनारी दुहेरी झाल्या होत्या, गवताच्या टोकांना भुतासारखी दुसरी टोकं फुटली होती आणि आकाश व डोंगर जिथे मिळतात तिथे रंगाची शिवण दिसत होती. वरवर पाहता या पाच वेगळ्या तक्रारी, पण त्यातल्या चार एकाच कारणाने आल्या होत्या. पाचवी मात्र वेगळी होती आणि ती सोपी निघाली.

तीन फ्रेम्स लागतच होत्या का?

आजचे सेन्सर कमी आयएसओला बरंच काही पचवतात. त्यामुळे कोणी तीन फ्रेम्स घेऊन आलं की आधी मी एकीवर भागतं का ते बघतो. इथे सर्वांत काळी फ्रेम, म्हणजे १/२५० वाली, उघडली. डार्कटेबलमध्ये रॉ पातळीवरचं क्लिपिंग, म्हणजे अति उजेडाने तपशील जळणं, दाखवणारी वेगळी खूण आहे, ती चालू केली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जेपीईजी प्रीव्ह्यूवरून काढलेला असतो, त्यामुळे हायलाइट जळाले की नाही हे तो बरेचदा निराशावादी सांगतो. रॉ खुणेप्रमाणे सूर्य जिथून येणार तेवढा छोटा ठिपका सोडला तर या फ्रेममध्ये काहीही जळलेलं नव्हतं.

मग हीच फ्रेम उजळून का वापरू नये? दगडांसाठी ती चार स्टॉप उचलावी लागते. १/२५० आणि १/१५ यांत प्रकाशाचा फरक सुमारे सोळा पट. प्रकाशाचा स्वतःचा नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) त्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे सोळा पट प्रकाश मिळाला की सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर चौपट सुधारतं. सावलीतल्या दगडांच्या बाबतीत हा फरक डोळ्यांना लगेच कळतो. काळ्या फ्रेममधून उचललेला दगड वाळू शिंपडल्यासारखा दिसत होता. फोनच्या पडद्यावर पाहायचं असतं तर मी एका फ्रेमवरच थांबलो असतो. मित्राला भिंतीवर लावण्याइतकी मोठी प्रिंट हवी होती, म्हणून तीन फ्रेम्स ठेवल्या.

शिवणीचं कारण

रंगाची शिवण ही पाचवी तक्रार. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता आणि प्रत्येक फ्रेमला त्याने थोडं वेगळं तापमान लावलं होतं. काळी फ्रेम किंचित निळी, उजळ फ्रेम किंचित पिवळी. एकेकटी पाहिली तर कळणारही नाही. एकमेकींवर ठेवली की डोंगराच्या रेषेवर लगेच उघडं पडतं. रॉ असल्यामुळे नुकसान शून्य. मधल्या फ्रेमवर तापमान "जसं टिपलं तसं" न ठेवता ठरावीक आकडा दिला, लेन्स करेक्शन आणि क्रोमॅटिक अ‍ॅबरेशनची दुरुस्ती लावली, शार्पनिंग बंद केलं आणि ही हिस्ट्री (केलेल्या बदलांची यादी) तशीच्या तशी उरलेल्या दोघींवर पेस्ट केली. शार्पनिंग आधी केलं तर एक्सपोजरनुसार कडा वेगवेगळ्या धारदार होतात आणि पुढे मास्कशी (फ्रेमचा कोणता भाग दिसावा ते ठरवणारं कृष्णधवल चित्र: पांढरं दाखवतं, काळं लपवतं) भांडतात. ते शेवटी.

इथे डार्कटेबलमधली एक जागा सांभाळायची. एक्सपोजर मॉड्यूलमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेला एक्सपोजर बायस (मुद्दाम कमी-जास्त केलेला उजेड) आपोआप भरून काढण्याचा पर्याय असतो. एरवी तो उपयोगी आहे. पण अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत ब्रॅकेटिंग केलं की उणे दोन आणि अधिक दोन हे आकडे फाइलच्या एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याच्या नोंदींत) जातात, आणि हा पर्याय सुरू असेल तर सॉफ्टवेअर इमानेइतबारे तेच रद्द करतं. हातात येतात जवळपास सारख्या उजळ तीन टिफ फाइल्स. एनफ्यूजने काहीच फरक पाडला नाही असं कोणी सांगितलं, तर मी पहिल्यांदा ही खूण बघतो. मित्राच्या फाइल्समध्ये ती बंद होती.

तिन्ही १६ बिट टिफ म्हणून काढल्या.

जुळवणी

ट्रायपॉड होता म्हणून जुळवणी गृहीत धरू नये. काठावरची ओली माती पाय थोडा आत घेते, शटर दाबताना धक्का बसतो. हुगिन या पॅनोरमाच्या मोफत प्रोग्रॅमबरोबर अलाइन इमेज स्टॅक नावाचं कमांड लाइनवर चालणारं छोटं साधन येतं. ते फ्रेम्समध्ये सामाईक बिंदू शोधतं आणि उजेड वेगळा असला तरी त्यांना एकमेकांवर बसवतं. अडचण एवढीच की त्याला ढग आणि डोंगर यांतला फरक कळत नाही. सरकलेल्या ढगावर बिंदू पकडले तर सगळं चित्र ढगाबरोबर ओढलं जातं. म्हणून निकाल गिम्प या मोफत फोटो एडिटरमध्ये तपासला: दोन लेयर एकावर एक, वरच्याचा उजेड लेव्हल्सने खालच्याइतका आणला आणि मोड डिफरन्स केला, म्हणजे फक्त दोघांतला फरक दिसतो. दगड आणि कड्याची रेषा जवळपास काळी दिसली, तर जुळवणी बरोबर. कड्याला समांतर पांढरी रेघ दिसली तर नाही. इथे काळी होती. ढगांच्या भागात पांढऱ्या रेघा होत्या, पण त्या असणारच.

एनफ्यूजने नेमकं काय केलं

एनफ्यूज ज्या पद्धतीवर चालतं ती टॉम मर्टेन्स, यान काउट्झ आणि फ्रँक व्हॅन रीथ यांनी २००७ मध्ये मांडली. कल्पना सुटसुटीत आहे. आधी एचडीआर फाइल (उजेड-अंधाराचा सगळा पल्ला मावणारी) बनवायची, मग तिला पडद्यात बसवायची, हा वळसा घेण्याची गरज नाही. प्रत्येक पिक्सेलसाठी प्रत्येक फ्रेमला गुण द्यायचे आणि गुणांच्या प्रमाणात सरासरी काढायची. गुण कशाचे? पिक्सेल मधल्या उजेडाच्या किती जवळ आहे, रंग किती भरलेला आहे, आसपास कॉन्ट्रास्ट किती आहे. एनफ्यूजच्या मूळ सेटिंगमध्ये उजेडाचं वजन १, रंगाचं ०.२ आणि कॉन्ट्रास्टचं शून्य असतं. म्हणजे कारभार जवळजवळ सगळा उजेडाच्या हातात.

उजेडाचे गुण घंटेच्या आकाराच्या वक्रावरून मिळतात; वक्राचा माथा ०.५ वर, रुंदी ०.२. पिक्सेल ०.५ असेल तर पूर्ण एक गुण. ०.९ किंवा ०.१ असेल तर सुमारे ०.१४.

आता या चित्रातले दोन ठिपके घेऊ. कड्यावरच्या आकाशाचा एक ठिपका तिन्ही टिफमध्ये अनुक्रमे ०.५५, ०.९ आणि १. पाण्यातल्या प्रतिबिंबाचा एक ठिपका ०.३, ०.६ आणि ०.८५. फक्त उजेडाच्या गुणांनी सरासरी काढली तर आकाश येतं सुमारे ०.६१ आणि पाणी ०.५२. मधल्या फ्रेममध्ये दोघांत ०.३० चा फरक होता. तो उरला ०.०८ च्या आसपास. रंगाचे गुण मिसळले की आकडे थोडे हलतात, पण दिशा तीच राहते. दोघांनाही मध्याकडे ओढलं गेलं. सकाळ गेली ती इथे.

पाण्याच्या बाबतीत हे विशेष जाचतं. पाणी पडलेल्या प्रकाशातला काही भाग आत घेतं, म्हणून शांत तळ्यातलं प्रतिबिंब मूळ आकाशापेक्षा नेहमी मंद असतं. पाहणाऱ्याने हे नियम म्हणून कधी शिकलेलं नसतं, पण डोळ्याला ते ठाऊक असतं. तळं आकाशाच्या बरोबरीला आलं की चित्र खोटं वाटतं आणि का ते सांगता येत नाही. काही फोटोंत तर तळं आकाशापेक्षा उजळ झालेलं दिसतं. त्यांच्याखाली बहुधा भरभरून कौतुक असतं, हा भाग वेगळा.

भुतांचं कारणही याच सरासरीत आहे. ढग तीन फ्रेम्समध्ये तीन जागी, गवत तीन जागी. गुणांच्या प्रमाणात सगळ्यांचा थोडाथोडा अंश येतो. फांद्यांभोवतीची फिकट कडा तिथलीच. सांधे दिसू नयेत म्हणून मिश्रण थेट न करता चित्राच्या ठळक-बारीक थरांमध्ये वेगवेगळं केलं जातं. बर्ट आणि अ‍ॅडेल्सन यांनी १९८३ मध्ये दिलेली ही पिरॅमिडची युक्ती फार गुणी आहे, पण काळ्या फांदीला खेटून पांढरं आकाश असलं की ठळक थरातला उजेड सांडतो.

तेव्हा एनफ्यूजचा दोष म्हणावा तर तो एवढाच, की प्रत्येक ठिपका नीट दिसावा हे त्याचं काम आहे आणि ते त्याने केलं. कोणता ठिपका अंधारात राहायला हवा, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. रुंदी आणि वजनं बदलून परत चालवता येतं. रुंदी कमी केली की प्रत्येक जागी एकाच फ्रेमचं वर्चस्व वाढतं आणि भुतं थोडी विरळ होतात. पण आकाश आणि पाणी यांचं नातं काही केल्या परत येत नाही, कारण एनफ्यूजला आकाश आणि पाणी असं काही दिसतच नाही.

एचडीआरमर्ज हा दुसरा मोफत पर्याय मनात आला होता. तो रॉ फाइल्स एकत्र करून एकच डीएनजी (तीही रॉ फाइलच) देतो, सावल्या स्वच्छ आणि हायलाइट शाबूत. स्थिर दृश्य असतं तर मी तोच वापरला असता आणि पुढचं सगळं डार्कटेबलमध्ये केलं असतं. इथे गवत आणि फांद्यांचे निर्णय जागोजाग वेगळे होते, म्हणून गिम्प.

पुन्हा बांधणी

लेयर लावण्याआधी एका ओळीत उतरंड लिहून काढली: आकाश, मग पाण्यातलं आकाश, मग डोंगराचा धुरकट उतार, मग दगड, आणि सर्वांत काळं झाड. पुढचा प्रत्येक मास्क या ओळीशी ताडून पाहायचा. ब्लेंडिंगमध्ये तासन् तास जातात ते बहुधा ही ओळ न लिहिल्यामुळे.

गिम्प २.१० पासून, म्हणजे २०१८ पासून, १६ आणि ३२ बिटमध्ये काम करता येतं. त्याआधी ८ बिटमध्ये आकाशाच्या हलक्या छटा ताणल्या की पट्टे पडायचे, आणि गिम्पबद्दलचं बरंचसं जुनं नाक मुरडणं त्याच काळातलं आहे. इथे प्रिसिजन ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट ठेवलं. तळाशी मधली फ्रेम, तिच्यावर काळी फ्रेम आकाशासाठी, तिच्यावर उजळ फ्रेम दगडांसाठी.

काळ्या फ्रेमचा मास्क मऊ ब्रशने रंगवला की कड्यावर हमखास प्रभावळ येते. १८५० च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राची चित्रं दोन निगेटिव्हमधून छापली, एक आकाशाची, एक पाण्याची. कारण त्या काळचं कोलोडियन (काचेवरच्या निगेटिव्हचा लेप) निळ्या प्रकाशाला फार तडक प्रतिसाद द्यायचं आणि आकाश जळून जायचं. त्याला क्षितिजाची सरळ रेघ मिळाली होती. डोंगराची रेघ वेडीवाकडी असते, ती हाताने गिरवण्यापेक्षा चित्राकडूनच घ्यावी.

म्हणून मधली फ्रेम कॉपी केली, काळ्या लेयरला मास्क दिला, मास्क निवडून त्यात पेस्ट केलं आणि तरंगणारा तुकडा अँकर केला. आता मास्क म्हणजे मधल्या फ्रेमचंच कृष्णधवल रूप: आकाश पांढुरकं, डोंगर करडा, दगड काळपट. ऑल्ट दाबून मास्कच्या चित्रावर क्लिक केलं की फक्त मास्क दिसतो. त्या अवस्थेत लेव्हल्स उघडून काळं टोक उजवीकडे सरकवलं, डोंगर पूर्ण काळा होईपर्यंत. पांढरं टोक थोडं डावीकडे, म्हणजे ढग जवळपास पूर्ण पांढरे. आकाश सर्वस्वी एकाच फ्रेममधून आलं की ढगांच्या दुहेरी किनारी आपोआप मिटतात. एका क्षणाचे ढग, एकाच जागी.

पाणी मास्कमध्ये करडं राहिलं होतं. ते तसंच ठेवलं, फक्त मोठ्या ब्रशने थोडं मंद केलं. म्हणजे प्रतिबिंबाला काळ्या फ्रेमचा अंश मिळतो, पण आकाशाइतका नाही. गिम्पचा नॉर्मल मोड सहसा लिनिअर प्रकाशात मिसळतो, त्यामुळे अर्धा करडा मास्क अपेक्षेपेक्षा उजळ निकाल देतो. आकड्यावर विसंबू नये, ड्रॉपरने आकाश आणि पाणी तपासत जावं.

झाड

सगळ्यांत जास्त वेळ झाडाने घेतला, आणि तो घेण्याजोगा होता.

शेंड्यावरची एक बारीक डहाळी घ्या, उघड्या आकाशात. २०० टक्के झूमवर तिन्ही फ्रेम्स शेजारी ठेवल्या. काळ्या फ्रेममध्ये ती तीन-चार पिक्सेल जाड, जवळपास काळी. मधल्या फ्रेममध्ये दोन-तीन पिक्सेल आणि तपकिरी. उजळ फ्रेममध्ये जागोजाग तुटलेली. आकाशाचा उजेड दोन्ही बाजूंनी आत सांडून तिला खाऊन टाकतो. म्हणजे एकाच डहाळीची जाडी फ्रेमगणिक वेगळी. आता मधल्या फ्रेमवरून काढलेला मास्क काय करतो बघा: डहाळीच्या जागी काळा, म्हणून डहाळी मधल्या फ्रेममधून, बारीक आणि तपकिरी, तिच्या दोन्ही अंगांना मास्क अर्धवट करडा, म्हणून तिथे मधल्या फ्रेमचं जळकं पांढरं आकाश डोकावतं, त्यापलीकडे काळ्या फ्रेमचं गडद आकाश. हीच ती फिकट कडा. एनफ्यूज टाकून मास्क वापरला म्हणून ती जात नाही.

मास्क ब्लर करून पाहिला. कडा पसरट झाली आणि सगळ्या शेंड्याभोवती धुकं आलं. मास्क जास्त कडक केला तर कडा कात्रीने कापल्यासारखी. दोन्ही दिशा बंद.

उपाय उलटा आहे: आकाशात असलेल्या फांद्यासुद्धा काळ्या फ्रेममधूनच घ्यायच्या. आकाश आणि त्यापुढची डहाळी एका फ्रेममधून आली की त्यांच्यात सांधाच उरत नाही, मग कडा कुठून येणार? फांद्या काळ्या दिसतील. दिसू देत, उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की झाड काळंच दिसतं. सालीचा पोत दाखवायचा हट्ट सोडला की प्रश्नच संपतो, आणि उतरंडीत झाड सर्वांत खाली लिहिलं होतं ते याचसाठी.

मास्कवर शेंड्याच्या भागात पांढऱ्या ब्रशने रंगवलं. गाभ्यात नॉर्मल मोड, कड्याजवळच्या फांद्यांवर ओव्हरले. ओव्हरलेचा फायदा असा की तो करड्याला उजळवतो पण पूर्ण काळ्याला हात लावत नाही. ब्रश डोंगरावर घसरला तरी डोंगर मास्कमध्ये काळाच राहतो. उरला खोडाचा प्रश्न: शेंडा काळ्या फ्रेममधला, बुंधा मधल्या फ्रेममधला, बदल कुठेतरी व्हायला हवा. तो खोडाच्या लांबीवर, कड्याच्या रेषेखाली हळूहळू केला. खोड तिथे गडद डोंगरासमोर आहे, मागे उजेड नाही, त्यामुळे बदल लपतो.

दगड, गवत आणि एनफ्यूजचं पुनर्वसन

उजळ फ्रेमच्या मास्कला मधल्या फ्रेमच्या कृष्णधवल रूपाचा उलटा, म्हणजे सावल्या पांढऱ्या. झाड, डोंगर आणि पाणी काळ्याने झाकून फक्त दगड उघडे ठेवले. लेयरची अपारदर्शकता निम्म्याच्या खाली. दगड स्वच्छ हवेत, उजळ नव्हेत.

गवत १/१५ सेकंदात हललं होतं. त्याची टोकं मास्कवर काळी करून मधल्या फ्रेममधून घेतली. तिथे नॉइज थोडा जास्त आहे, पण गवताच्या पोतात तो मुरतो.

एनफ्यूजचा मूळ निकाल फेकला नाही. उतारावरच्या घळी त्यात खरंच छान आल्या होत्या, आणि उतारावर हलणारं काही नव्हतं. तो सर्वांत वर ठेवून मास्क पूर्ण काळा केला, फक्त डोंगर पांढऱ्याने उघडला, आणि अपारदर्शकता एक तृतीयांशाच्या आसपास.

शेवटी शार्पनिंग, तेही आकाश वगळून. मूळ काम गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये, प्रिंटसाठी १६ बिट टिफ. पडद्यावर दाखवायला ८ बिट जेपीईजी, एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगव्यवस्थेत. त्याआधी प्रिसिजन ८ बिटवर आणताना डिदरिंग (छटांत बारीक दाणे मिसळणं) चालू ठेवलं, नाहीतर आकाशाच्या हलक्या छटांत पट्टे परत येतात.

नवं चित्र पाहून मित्राने एकच शंका काढली: उजव्या अंगाला कड्यावर अजून एक फिकट रेघ आहे, ती राहिली का? कंट्रोल दाबून प्रत्येक मास्कवर क्लिक केलं की तो तात्पुरता बंद होतो. तसं करून प्रत्येक फ्रेम एकटी पाहिली. रेघ तिन्हींमध्ये होती, त्याच जाडीची, आणि काळ्या फ्रेममध्ये तर अधिकच रेखीव. ब्लेंडिंगची प्रभावळ असती तर ती एकट्या फ्रेममध्ये दिसली नसती, आणि सूर्यापासून लांबच्या कड्यावरही सारखीच पसरली असती. ही कड्यावरच्या गवताला मागून लागलेल्या उन्हाची होती. ती पुसायला त्याने हील टूल आधीच हातात घेतलं होतं; ते खाली ठेवायला सांगितलं.